विद्यार्थ्यांची वडीलकी

देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोठून आली, कोणते फादर कधीं आले व कधीं बदलून गेले, ही सर्व हकीकत या ज्युबिली-स्मरणिकेंत इतर लेखकांकडे आहे. संपादकमंडळानें आमच्याकडे शाळेचा विषय सोंपविला. शाळेचा म्हणजे इमारतीचा किंवा निकालांचा नव्हे; कॅथलिक माध्यमिक शाळेंत व तिच्या वसतिगृहांत मुलें एकमेकांस कशीं सांभाळतात, त्यांच्यांतून पुढारी कसे निघतात आणि ते कशासाठीं असतात, याचा. विषय वरवर पाहतां किरकोळ वाटेल. परंतु बुलढाणा जिल्ह्यांत कॅथलिक घरें मूठभर आहेत, आणि आमच्या शाळांतील बहुतेक मुलें इतर धर्मांचीं आहेत. त्यांच्या आईबापांनीं आमचें प्रवचन कधीं ऐकलेलें नसतें. ख्रिस्ती शाळा म्हणजे काय, हें त्यांना घरीं परतलेल्या मुलाच्या तोंडूनच कळतें. आणि मूल सांगतें तें बहुधा मोठ्या मुलांनीं त्याला कसें वागविलें याविषयींच.

हल्लीं शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांत पुढाऱ्यांची निवड होते. कोठें मतपेटी ठेवतात, कोठें शिक्षकच नांवें जाहीर करतात. मग पट्टे व बिल्ले येतात, शपथविधि होतो, पाहुणे भाषण करतात. मराठी शाळांत तर सबंध मंत्रिमंडळच असतें. आरोग्यमंत्री लहानांचीं नखें तपासतो, क्रीडामंत्री चेंडूंत हवा भरून आणतो, आणि मुख्यमंत्र्यांस बहुधा कांहींच काम नसतें. याची आम्ही थट्टा करीत नाहीं; लोकशाहीचा धडा असाच गिरवावा लागतो. पण एखाद्या पांचवींतल्या मुलास विचारा कीं, ‘बाळ, तुमचा मॉनिटर करतो काय?’ तो क्षणभरही न थांबतां सांगेल, ‘फळ्यावर नांवें लिहितो.’ हें उत्तर आम्हांस फार दिवस बोंचत आलें आहे. मॉनिटर म्हणजे गुरुजींचा हेर, ही समजूत आली कोठून, याचा शोध घेतां घेतां आम्ही बरेच मागें गेलों, आणि जें सांपडलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १५४२ च्या मे महिन्यांत संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत व मुलें गोळा करीत, हें आमच्या घरांतील लहान पोरांसही ठाऊक आहे. त्यापुढची गोष्ट तितकी सांगितली जात नाहीं. पुढें ते दक्षिणेकडे, समुद्रांतून मोतीं काढणाऱ्या लोकांच्या किनाऱ्यावर गेले. तेथें गांवें पुष्कळ, भाषा परकी, आणि काम करणारे हात थोडे. १५४४ च्या जानेवारींत रोममधील आपल्या बंधूंस धाडलेल्या पत्रांत ते लिहितात कीं, शिकलेल्या प्रार्थना घरीं आईबापांस, चाकरांस व शेजाऱ्यांस शिकवाव्या असें आपण मुलांस सांगितलें आहे. आजाऱ्यांकडून बोलावणीं इतकीं येत कीं, प्रत्येक ठिकाणीं स्वतः जाणें अशक्य झालें. तेव्हां त्यांनीं त्या मुलांनाच घरोघर पाठविलें. मुलें आजाऱ्याच्या उशाशीं जमत, घरच्यांस व शेजाऱ्यांस गोळा करीत आणि त्यांच्याकडून विश्वासांगीकार म्हणवून घेत. या मुलांस कोणताही हुद्दा नव्हता. फादरांनीं आपल्या जागीं आपणांस पाठविलें आहे, एवढें त्यांस पुरेसें होतें.

पुढें १५६३ सालीं रोम येथील येशूसंघीयांच्या महाविद्यालयांत जाँ ल्यूनिस नांवाच्या बेल्जियन शिक्षकानें विद्यार्थ्यांचें एक मंडळ भरविण्यास आरंभ केला. हीच पवित्र मरियेची सोडॅलिटी. १५८४ त परमगुरु तेरावे ग्रेगरी यांनीं तिला मान्यता दिली, व ती जगभरच्या कॅथलिक शाळांत पसरली. तिच्या प्रमुखास प्रीफेक्ट म्हणत, आणि तो विद्यार्थ्यांपैकींच असे. त्याच येशूसंघाची १५९९ ची अभ्यासपद्धति पाहिली तर मात्र वर्गांत निराळी व्यवस्था आढळते. कांहीं मुलांवर एक मुलगा नेमावा; त्यानें त्यांचा पाठ म्हणवून घ्यावा, वह्या गोळा कराव्या, गैरहजर कोण तें टिपावें. शिवाय वर्गाचा एक ‘सेन्सॉर’ असावा व त्यानें इतरांच्या वागणुकीवर लक्ष ठेवावें. एकाच छपराखालीं असे दोन तऱ्हेचे पुढारी नांदत होते. आजचा कॅप्टन व आजचा मॉनिटर त्यांचेच वंशज आहेत असें आमचें मत आहे, आणि दुसऱ्याचा वंश अधिक वाढला.

परंतु कोणी नेमलेलें नसतांही मुलें एकमेकांस शिकवितात, हें पाहावयास रोमला जाण्याची जरुरी नव्हती. रोमचाच एक गृहस्थ तें पाहून गेला, आणि तेंही आपल्या शेजारच्या मुलखांत. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा कॅथलिक सरदार १६२३ सालीं गोव्याहून पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या नायकाकडे चालला होता. वाटेंत एका देवळाच्या ओसरींत त्यास चार मुलें हिशेब शिकतांना दिसलीं. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली होती. एक मुलगा सुरावर धडा म्हणे व बोटानें वाळूंत तो आंकडा काढी. मग बाकीचीं तसेंच म्हणत व तसेंच काढीत. जागा भरली कीं वाळू पुन्हां सारखी करावी व पुढें चालावें. कागद नाहीं, शाई नाहीं, आणि मुख्य म्हणजे मास्तरही नाहीं. व्हाल्लेनें त्यांस विचारलें, तुम्ही चुकलां तर तुम्हांस सुधारणार कोण? मुलांनीं उत्तर दिलें कीं, चौघेही एकाच ठिकाणीं चुकतील असें होणार नाहीं. एक चुकला तर इतर तिघे त्यास सांगतील, आणि म्हणूनच आम्ही एकत्र बसून म्हणतों. चारशें वर्षें झालीं. शाळेंतील मुलांच्या सहजीवनावर याहून नेमकें आम्हीं कोठें वाचलें नाहीं.

आमच्याकडील पंतोजींच्या शाळेंतही असाच प्रकार चाले. धूळपाटीवर अक्षर गिरवावें, मोठ्या मुलानें पाढा सांगावा, बाकीच्यांनीं त्याच्यामागून म्हणावा. पावकी, निमकी, पाउणकी अशाच तोंडपाठ होत. मात्र इतिहास लिहितांना एक गोष्ट लपवितां येत नाहीं. त्या ओसरीवर सर्वांस जागा नव्हती. महार-मांगांचीं मुलें बाहेर राहत, व मुली बहुधा घरींच. १८५५ सालीं जोतीराव फुल्यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीनें आपल्या समाजाच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला व तो ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. ती शाळा आमच्या पंथाची नव्हे, तें पत्रही नव्हे. परंतु विद्यार्थ्यानें आपल्या लोकांच्या वतीनें बोलणें म्हणजे काय, हें दाखविण्यास मराठींत याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां मॉनिटरची गोष्ट. मद्रासनजीक एग्मोर येथें सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठीं एक अनाथालय होतें. १७८९ पासून डॉ. अँड्र्यू बेल नांवाचे आंग्लपंथी धर्मगुरु त्याची व्यवस्था पाहूं लागले. मलबारी मुलांची एक शाळा त्यांनीं पाहिली. तेथें मुलें वाळूंत अक्षरें काढीत होतीं. हीच रीत आपल्या शाळेंत चालवावी असें त्यांनीं सहायक शिक्षकांस सांगितलें, पण ते ऐकेनात. तेव्हां बेलसाहेबांनीं जॉन फ्रिस्किन नांवाच्या आठ वर्षांच्या मुलासच खालच्या वर्गावर नेमलें, आणि त्यानें तें काम उत्तम केलें. १७९७ त लंडनमध्यें या प्रयोगाचें पुस्तक निघालें. तिकडे जोसेफ लँकेस्टर यांनीं असाच प्रयत्न मोठ्या प्रमाणावर केला. एका शिक्षकाच्या पगारांत शेंकडों मुलें शिकतात म्हटल्यावर ही पद्धति जगभर गेली व मॉनिटर हें नांव घेऊन आपल्या देशांतही परत आली. पण वाटेंत तिचा स्वभाव पालटला. लँकेस्टरच्या शाळांत गुन्हेगार मुलास टोपलींत घालून छतास टांगण्यापर्यंत शिक्षांची मजल गेली, आणि गुन्हा पकडून देण्याचें काम मॉनिटरकडे आलें. ओसरीवरचे तिघे चौथ्यास त्याची चूक सांगत. आतां ती चूक वर कळवावयाची ठरली.

ही वाट पुन्हां वळविण्याचें श्रेय आम्ही तुरीनच्या डॉन बॉस्कोंस देतों. शिक्षेची वाट न पाहतां मुलांत मिसळून राहावें, खेळाच्या मैदानावर शिक्षकानेंही असावें, ही त्यांची रीत. त्यांच्या शाळेंत १८५४ सालीं डॉमिनिक साव्हियो नांवाचा बारा वर्षांचा मुलगा आला. त्यानें १८५६ च्या जून महिन्यांत कांहीं सोबत्यांसह एक मंडळ स्थापिलें. या मंडळाची मुलें नवीन आलेला बावरलेला मुलगा किंवा कोणाशींच न जमणारा मुलगा आपसांत वांटून घेत. त्याच्याशीं खेळावें, त्याच्या अभ्यासांत मदत करावी, एवढेंच काम. नऊ महिन्यांनीं, पंधरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, डॉमिनिक वारला. १९५४ त ख्रिस्तसभेनें त्यास संतपद दिलें. परंतु आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळी गोष्ट. १८५९ त डॉन बॉस्कोंनीं आपला संघ उभारला, तेव्हां त्या मंडळांतलीच कित्येक मुलें त्यांच्या हाताशीं होतीं.

डॉन बॉस्कोंनीं आपल्या संघास संत फ्रान्सिस द सेल्स यांचें नांव दिलें. आमच्या भागांत श्रद्धा घेऊन आलेले मिशनरी निराळ्या संघाचे, पण नांव त्याच संताचें. फादर पीटर मर्मिये यांनीं १८३८ त सव्हॉय प्रांतांतील आन्सी येथें तो संघ स्थापिला. त्या वेळीं आन्सी व तुरीन एकाच राजाच्या अमलाखालीं होतीं. १८४६ त हे मिशनरी विशाखापट्टणास पोंचले, तेथून नागपुराकडे आले. १८८७ त नागपूरचा धर्मप्रांत झाला, आणि १९५५ त त्यांतून अमरावतीचा धर्मप्रांत निघाला; बुलढाणा जिल्हा त्यांतच येतो. मऊपणानें जें साधतें तें जोरानें साधत नाहीं, ही त्या संताची शिकवण. ती आमच्या प्रत्येक शाळेंत सदैव पाळली गेली असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण वसतिगृहांत घाटावरचीं व घाटाखालचीं, सर्व जातींचीं मुलें एका पंगतींत बसलीं, आणि हजेरी घेणारा मुलगा कोणत्याही जातीचा असूं शकला, हें वऱ्हाडासारख्या मुलखांत लहान काम नव्हे.

आजच्या निवडीविषयीं थोडें स्पष्ट लिहितों. पुढारी नेमतांना फर्डें इंग्रजी व टक्केवारी यांकडे फार पाहिलें जातें. खेड्यांतून आलेली वसतिगृहांतली एखादी मुलगी रोज पहांटे लहान पोरींना उठविते, त्यांच्या वेण्या घालते, रडणारीला जवळ घेऊन निजते. बिल्ल्यांच्या वेळीं तिचें नांव कोणास आठवत नाहीं. आमची सूचना एवढीच कीं, नांवें ठरविण्यापूर्वीं पांचवी-सहावीच्या मुलांस विचारावें. कोणाकडे गेलें असतां धीर येतो, हें तीं बरोबर सांगतात. शाळा हा एक समाज आहे व त्यांत मोकळेपणा आणि प्रेम असावें, असें १९६५ सालीं व्हॅटिकन महासभेनेंही आपल्या शिक्षणविषयक घोषणेंत म्हटलें आहे.

ही सूचना आम्हांस सुचली ती पुस्तकांवरून नव्हे. १९७२ च्या दुष्काळांत आम्ही वऱ्हाडांतील एका वसतिगृहांत पांचवींत होतों. घरचीं माणसें खडी फोडावयास गेलेलीं, आणि वसतिगृहाच्या विहिरींत तळ दिसत होता. फळ्यावर नांवें लिहिणारा एक मॉनिटर होता; त्याला आम्ही सर्व भीत असूं. पाण्याचें काम मात्र दहावींतल्या एका मोठ्या मुलाकडे आलें. तें त्यास कोणी दिलें हें आम्हांस आठवत नाहीं; तो आपणच करूं लागला असावा. दर मुलामागें सकाळीं अर्धी बादली. तो एका जुन्या वहींत पाळी मांडी व लहानांना आधीं पाणी देई. त्याची स्वतःची पाळी शेवटीं येई, तोंवर पोहऱ्यांत गाळच वर येत असे. तो फडक्यानें गाळून घेई.

एके रात्रीं आम्हीं रांजणांतून चोरून तांब्याभर पाणी घेतलें, आणि नेमके त्यानेंच पाहिलें. सकाळीं फळ्यावर आपलें नांव दिसेल या भीतीनें आम्हांस झोंप आली नाहीं. फळा कोरा होता. प्रार्थनेनंतर त्यानें आम्हांस हांक मारून विहिरीवर नेलें, वही आमच्या हातीं दिली आणि म्हणाला, ‘आजपासून पाळी तूं सांगायची.’ आम्ही पाऊस पडेपर्यंत ती सांगत होतों. पहिल्याच दिवशीं आपलें नांव कोठें लिहावें हा प्रश्न पडला, तेव्हां त्यानें कांहीं न बोलतां आपल्या नांवाच्या वर, शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलें. तो पुढें जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक झाला व आतां निवृत्त आहे. नाताळांत भेट झाली म्हणजे घरांत पाण्याचा तांब्या पुढें येतांच तो आमच्याकडे पाहून विचारतो, ‘पाळी कोणाची?’