बेपत्ता वैमानिक : विजय तांबे

देह तपासल्याशिवाय मृत्यूचा दाखला देऊ नये, हे आम्हा डॉक्टरांचे शिक्षण. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचा तर देहच मिळाला नाही. ५ डिसेंबर १९७१ रोजी ते सुखोई-७ हे बॉम्बफेकी लढाऊ विमान घेऊन पाकिस्तानातील शोरकोट रोड तळावर गेले; परतले नाहीत. जिवंत पकडलेल्या पाच भारतीय वैमानिकांत पाकिस्तानच्या ‘संडे ऑब्झर्व्हर’ने ‘टॉम्बे’ हे नाव छापले. युद्धकैदी परतले, त्यांत ते नव्हते. १९७९ साली लोकसभेत मांडलेल्या ४० बेपत्ता जवानांच्या यादीत मात्र होते. राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या पत्नी दमयंती यांचा संसार दोन वर्षांचाही झाला नव्हता. शोध मात्र अनेक दशके चालला. म्हणून इतिहासाने ‘हुतात्मा’ लिहिण्याची घाई करू नये. ‘बेपत्ता’ हाच प्रामाणिक शब्द.