मृतदेह नसतानाचा शोक: बौद्ध परंपरेतील जलदान

पूर किंवा त्सुनामीनंतर अनेक घरांच्या हाती मृतदेहही लागत नाही. मग शोक कसा करायचा? बौद्ध परंपरेला हा प्रश्न नवा नाही.

अट्ठकथेतील पटाचारेची कथा पाहा. श्रावस्तीला माहेरी निघालेल्या पटाचारेचा नवरा वाटेत सर्पदंशाने गेला. पूर आलेली नदी ओलांडताना तान्हे मूल ससाण्याने उचलले, मोठा मुलगा वाहून गेला. पुढे कळले, की रात्रीच्या वादळात घर कोसळून आईवडील आणि भाऊही गेले. भ्रमिष्ट झालेल्या पटाचारेला बुद्धांनी आधी भानावर आणले. उपदेश नंतर केला. मला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. मुले गमावलेल्या कित्येक स्त्रियांचे सांत्वन पुढे तिनेच केले, असे थेरीगाथेवरून दिसते.

आता महाराष्ट्रात येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली एक श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. मग तेराव्याच्या जागी काय? आज मराठी बौद्ध घरांतल्या पत्रिकांवर ‘जलदान विधी व पुण्यानुमोदन’ असे छापलेले असते. त्रिशरण-पंचशील म्हणतात, दान देतात, पात्रात संथ धारेने पाणी ओततात आणि दानाचे पुण्य मृताला अर्पण करतात. या विधीला देह लागत नाही. (देह न मिळाल्यास हिंदू धर्मशास्त्रातही सोय आहे, पण तिथे पुतळा करून त्याचे दहन करतात. हा फरक लक्षात ठेवा.)

पाणी ओतण्याची ही रीत थेरवादी देशांत जुनी आहे. बेंगळुरूच्या गांधीनगरातील महाबोधि सोसायटी, स्थापना १९५६, याच थेरवाद परंपरेतली. श्रीलंकेत सातव्या दिवशी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने मृताच्या नावे भिक्खूंना दान देतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तिथे ३० हजारांहून अधिक माणसे गेली. तो पौर्णिमेचा, म्हणजे पोयाचा दिवस होता. असंख्य मृतदेह ओळख न पटताच सामूहिक खड्ड्यांत पुरावे लागले. अनेक विहार निवारे बनले.

इथे एक अडचण दिसते. सातवा दिवस मोजायचा तो मृत्यूपासून. बेपत्ता मुलाची आई तो कधीपासून मोजणार? विधी देहावाचून होतो, पण माणूस गेला हे मान्य केल्यावाचून होत नाही. पाण्याची धार सोडायची म्हणजे वाट पाहणे सोडायचे, आणि ते कोणत्या दिवशी, हे विधी ठरवून देत नाही.