वणव्याचा वारसा: कर्टलंड्स वॉर्ब्लरच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास

वन्यजीव संवर्धनाचा इतिहास बहुधा ऱ्हास आणि पुनरागमन या दोन टप्प्यांत सांगितला जातो. उत्तर अमेरिकेतील कर्टलंड्स वॉर्ब्लर या पक्ष्याचा इतिहास मात्र या कथनबंधात पुरता सामावत नाही. सुमारे १४ ग्रॅम वजनाचा हा गायक पक्षी हिवाळा बहामा बेटांवर काढतो व विणीसाठी प्रामुख्याने मिशिगन राज्याच्या उत्तर भागात येतो. तेथील जॅक पाइनच्या कोवळ्या, साधारणतः ५ ते २० वर्षे वयाच्या वनात, खालच्या फांद्यांच्या आडोशाने तो जमिनीवर घरटे करतो.

जॅक पाइनची शंकूफळे राळेने घट्ट मिटलेली असतात. ती उमलण्यास मुख्यतः आगीची धग लागते. विसाव्या शतकात वणवे विझवण्याचे धोरण यशस्वी झाले आणि त्या यशानेच वन प्रौढ होऊन पक्ष्याचा आसरा हरपला. शिवाय कोकिळेप्रमाणे परक्या घरट्यात अंडी घालणारा काउबर्ड जंगलतोड व शेती यांच्यामागोमाग या प्रदेशात पसरला होता. गणना नरांच्या गाण्यावरून होते. १९५१ मध्ये असे ४३२ नर नोंदले गेले. १९७१ मध्ये २०१ उरले.

१९७२ पासून काउबर्ड पकडून नष्ट करण्यात येऊ लागले. घसरण आटोक्यात आली, तरी १९८७ मध्येही केवळ १६७ नर आढळले. तत्पूर्वी, मे १९८० मध्ये, या पक्ष्याच्या अधिवासासाठी लावलेली नियोजित आग मॅक लेक परिसरात हाताबाहेर गेली. सुमारे २४,००० एकर क्षेत्र जळाले. अनेक घरे नष्ट झाली. वनसेवेचा एक कर्मचारी मृत्युमुखी पडला. त्याच राखेतून उगवलेले वन योग्य वयाचे झाले, तेव्हा १९९० नंतर संख्या झपाट्याने वाढली.

पुढे वणव्याची जागा प्रामुख्याने तोडणी व लागवडीने घेतली. प्रौढ वृक्ष तोडायचे आणि मधूनमधून मोकळ्या जागा राखून दाट रोपे लावायची, असा हा क्रम आहे. २०१९ मध्ये हा पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून वगळण्यात आला. २०२१ च्या गणनेत २,२४५ जोड्या मानल्या गेल्या.

तथापि, प्रत्येक लागवड काही वर्षांत प्रौढ होऊन या पक्ष्यास निरुपयोगी ठरते आणि नवी करावी लागते. ‘पुनरागमन’ या शब्दात अभिप्रेत असलेली समाप्ती येथे संभवत नाही. अरण्य आणि शेत ही साहित्यविचारातील परिचित द्वंद्वरचनाही येथे टिकत नाही: ज्याला वन्य म्हणावे त्या गाण्याला आसरा देणारे अरण्य पुनःपुन्हा लावावे लागते.