एका मॅचसाठी राज्यातून निसटलेली टीम

मार्च आला की अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा ज्वर चढतो. ६८ संघ, आणि एक मॅच हरलात की बॅग भरून घरी! मीही दरवर्षी न चुकता स्कोअर बघत बसतो. पण या स्पर्धेतली मला सर्वांत मोठी वाटणारी मॅच फायनल नव्हती, सेमीफायनलही नव्हती. ती झाली १५ मार्च १९६३ ला, मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला.

मिसिसिपी स्टेटचा संघ तेव्हा जबरदस्त होता. १९५९, १९६१, १९६२, अशी तीनदा या स्पर्धेत जायची संधी त्यांनी खेळून कमावली आणि तिन्ही वेळा घरी बसले. का? तर समोरच्या संघात काळे खेळाडू असू शकतात म्हणून! मिसिसिपीच्या सरकारी कॉलेजांनी अशा संघांशी खेळायचं नाही, असा नियम होता. आणि हा नियम कायद्याच्या पुस्तकात कुठेच नव्हता. अलिखित. असले नियम किती पक्के असतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कॉलेजच्या पैशाच्या नाड्या विधिमंडळाच्या हातात, मग लिहायची गरजच काय?

१९६३ ला चौथी संधी आली. जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याला त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून पेटलेल्या दंगलीत दोन माणसं मेली, त्याला सहा महिनेही झाले नव्हते. तरी कॉलेजचे अध्यक्ष डीन कोलवर्ड यांनी जाहीर केलं, या वेळी संघ जाणार. विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. पण हुकूम बजावायला माणूस तर सापडला पाहिजे ना! कोलवर्ड अलाबामाला निघून गेले. कोच बेब मॅकार्थी गाडीने टेनेसीत पोचले. सकाळी विमानतळावर आधी राखीव खेळाडू पाठवले, कुणी अडवतंय का बघायला. कुणीच नव्हतं. मग मुख्य खेळाडू आले आणि विमान उडालं.

समोर शिकागोचं लोयोला, पहिल्या पाचात चार काळे. मॅचआधी दोन्ही कॅप्टन, जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड, यांनी हात मिळवले तेव्हा कॅमेऱ्यांचा नुसता लखलखाट झाला. मॅच शांतपणे पार पडली. लोयोला ६१, मिसिसिपी स्टेट ५१. पुढे लोयोलाने विजेतेपदही मारलं.

त्या हस्तांदोलनाने मिसिसिपी बदललं वगैरे मी म्हणणार नाही. तीनच महिन्यांनी तिथेच, जॅक्सन शहरात, मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घातली. पण अलिखित नियम मोडला तरी कॉलेज बंद पडत नाही, हे सगळ्यांना दिसलं. १९६५ ला रिचर्ड होम्स हा मिसिसिपी स्टेटचा पहिला काळा विद्यार्थी झाला. अध्यक्ष तेव्हाही कोलवर्डच होते.

गोल्ड २०११ ला गेले. हार्कनेस अंत्यविधीला पोचले, तर शवपेटीशेजारी त्या हस्तांदोलनाचा फोटो ठेवलेला होता.