राशीचा उतार

मौजे बोरी अरब, तालुका दारव्हा, यासारख्या वऱ्हाडी गावांत मळणीयंत्र येण्यापूर्वी सुगीच्या दिवसांत सारवलेल्या खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरे, तिवईवर उभा राहिलेला उफणणारा वाऱ्याचा रोख पाहून सूप हालवी, आणि खाली ज्वारीची रास चढत जाई. तिचे पहिले माप ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजीत आणि बलुतेदारांचा हक्कही तिच्यातूनच निघे. परंतु मोजदादीपूर्वीच तिचा एक धर्म दृष्टीस पडे, तो असा की रास कितीही वाढो, तिचा उतार ठरावीकच राही, आणि वरून पडलेला दाणा कधी जागीच थांबे, कधी एकटाच घरंगळे, तर कधी एक सबंध कड ढासळवी.

पाण्याची वाफ होणे किंवा 770 अंश सेल्सिअसच्या सुमारास लोखंडाचे चुंबकत्व लोपणे, ही अवस्थांतरे घडविण्यास उष्णतामान बाहेरून नेमके राखावे लागते. रास मात्र आपल्या संक्रमणबिंदूशी, म्हणजे त्या ठरावीक उताराशी, आपण होऊनच पोचते. या कल्पनेला पेर बाक, चाओ तांग आणि कुर्ट वीसेनफेल्ड यांनी 1987 मध्ये गणिती रूप दिले. पटावरील ज्या घरात चार दाणे जमतील, त्याने चार शेजाऱ्यांना एकेक द्यावा, आणि कडेच्या घरांतून काही दाणे पटाबाहेर जावेत, एवढाच त्यांचा नियम. त्याचे अंतरंग 1990 मध्ये उकलले ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक धर यांनी: ढासळणाऱ्या घरांचा क्रम कोणताही घ्या, अखेरची रास एकच येते. एवढ्या साध्या क्रमनिरपेक्षतेतून त्यांनी राशीच्या पुनःपुन्हा येणाऱ्या अवस्थांची संख्या काढली आणि त्या साऱ्या समसंभाव्य असल्याचेही सिद्ध केले. ज्या सांख्यिकीय भौतिकीत नेमकी उत्तरे इतकी दुर्मिळ, तीत ही सिद्धी मला फार मोठी वाटते. 2022 मध्ये जॉन हॉपफील्ड यांच्यासमवेत त्यांना त्याच क्षेत्रातले बोल्ट्झमन पदक लाभले; हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय.

पटावरचे दाणे आणि खळ्यातले दाणे यांत अर्थातच अंतर आहे. नॉर्वेतील ओस्लो येथील संशोधकांनी तांदळाच्या राशी रचून 1996 मध्ये दाखविले की, लांबट दाण्यांच्या राशीत लहानमोठ्या सर्व प्रमाणांच्या ढासळणी आढळतात, गोलसर दाण्यांच्या राशीत मात्र हा गुण दिसत नाही. ज्वारीचा दाणा गोलसर असतो, तेव्हा तिच्या राशीचे काय, हे पाहायला हवे; पण आता मळणीयंत्राच्या तोंडाशीच पोते लावलेले असते, आणि दाण्याची रास होण्यापूर्वीच त्या पोत्याचे तोंड शिवले जाते.