मालदीवचीं बेटें व अल्बिरूनीचा एक उतारा

अल्बिरूनीच्या हिंदुस्थानवर्णनांतील (सुमारे इ. स. १०३०) मालदीवविषयक उतारा प्रथम वाचतांना भाकडकथा वाटते. 'दीव' नांवाचीं बेटें समुद्रांतून वाळूच्या पट्ट्याप्रमाणें वर येतात, वाढून घट्ट होतात. दुसरीं झिजून विरघळतात, व रहिवासी नारळ, धान्य व सामानसुमान घेऊन नव्या बेटावर जातात, असें तो लिहितो. ग्रंथकार स्वतः तेथें गेल्याचें दिसत नाहीं. तेव्हां ही ऐकीव माहिती कितपत घ्यावी?

प्रत्यक्षदर्शी साक्ष नंतरची आहे. इ. स. १३४३ मध्यें तेथें पोंचलेला व पुढें काजी झालेला इब्न बतूता सांगतो कीं, शंभरएक बेटांचें कडें असून त्यास वेशीसारखें एकच द्वार असतें. स्थानिक वाटाड्यावांचून गलबत आंत शिरत नाहीं. इ. स. १६०२ मध्यें गलबत फुटून तेथें अडकलेला, व पुढें गोव्यासही राहिलेला, फ्रेंच प्रवासी पिरार हाही प्रत्येक समूहाभोंवतीं दगडी बांध असल्याचें लिहितो. बतूता बेटें सुमारें २००० देतो, सुलतानाच्या किताबांत तीं १२००० होतात. आजची मोजणी सुमारें १२०० आहे. किताबांतील आंकडा मोजणीचा नव्हे, मोठेपणाचा होय.

या कड्याचा उलगडा डार्विननें १८४२ सालीं केला: ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचतो, आणि त्याच्या कडेचें पोंवळें तितकेंच वर वाढत राहतें. १९८७ सालीं समुद्रतळास वेध घेऊन मालदीवच्या कण्यांतून काढलेला काळा दगड सुमारें पांच कोटी सत्तर लक्ष वर्षांपूर्वींचा ठरला. ज्या उष्ण उगमानें सह्याद्रीचा कातळ ओतला, त्याच उगमाचें हें पुढील काम, असें भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. आपल्या किल्ल्यांचा पाया व हीं बेटें अशीं सख्खीं भावंडें निघतात!

परंतु वर दिसणारें बेट त्या कातळाचें नव्हे. तें पोंवळ्याच्या चुऱ्याचें. त्याची नैसर्गिक उंची कोठेंही तीन मीटरांस पोंचत नाहीं. नैर्ऋत्य वारे सुटले कीं किनाऱ्याची वाळू एका अंगास जाते, ईशान्य वारे आले कीं परत फिरते. या फिरतींत नवा पट्टा उघडा पडणें व जुना खचणें मुळींच असंभाव्य नाहीं. म्हणून अल्बिरूनीचें कथन क्रियेपुरतें ग्राह्य धरावें. सबंध वस्त्या कितीदां हलल्या, हें मात्र त्या एका उताऱ्यावरून ठरत नाहीं.

त्यासाठीं इसधू येथील इ. स. ११९४-९५ च्या सुमाराचा, 'लोमाफानु' म्हणून ओळखला जाणारा ताम्रपट अधिक उपयोगी. त्यांतील बेटांचीं नांवें कंपनीच्या आरमारांतील कॅप्टन मोर्सबी यानें १८३४ ते १८३६ मध्यें केलेल्या पाहणीच्या नकाशांशीं ताडून पाहावीं.