डबाबंद तारली आणि द्वार्ननेचे कागद

दुकानाच्या फळीवरील माशाचा डबा हातीं घेतला असतां त्यावर कारखानदाराचें नांव, माशाची जात व तेलाचा प्रकार एवढेंच वाचावयास मिळतें. तो मासा कोणीं धरला, कोणीं साफ केला, कोणीं भरला, याविषयीं डबा कांहीं सांगत नाहीं. ज्यांनीं जुनीं दप्तरें चाळलीं आहेत त्यांस हें मौन परिचयाचें आहे. आपल्याकडेहि सामान्य रयतेचें नांव जमाबंदींत असलें, तरी तिची हकीकत बहुधा तंटा उपस्थित झाल्यावर, महजर किंवा निवाडपत्र झालें म्हणजेच कागदावर येते. हाच न्याय फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताच्या द्वार्नने या बंदरास कसा लागू पडतो, तें येथें दाखविण्याचें आम्ही योजिलें आहे.

मासे टिकविण्याचा धंदा या स्थळीं फार प्राचीन. नजीकच्या प्लोमार्ख येथें रोमन अमदानींतील मासे खारविण्याचे बांधीव हौद सांपडले आहेत. पुढें खारवून दाबलेल्या तारल्या पिंपांत भरून बाहेर जाऊं लागल्या. बंद पात्र उकळून अन्न टिकविण्याची युक्ति निकोला आपेर यानें १८१० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. ती कां साधते, हें मात्र पाश्चरच्या संशोधनानंतरच उलगडलें. नांत शहरीं जोझेफ कोलँ यानें १८२४ च्या सुमारास तारलीच्या डब्यांचा कारखाना काढला, आणि द्वार्नने येथें पहिला कारखाना १८५३ सालीं निघाला.

ही तारली आपल्या कोंकणांतील तारलीची दूरची नातलग होय. कोळी नॉर्वेहून आणलेली कॉड माशाची खारवलेली गाबोळी पाण्यावर टाकीत. तिच्या लोभानें थवा वर येई व जाळ्यांत अडके. मासा लवकर नासणारा, म्हणून होड्या धक्क्यास लागतांच, मग मध्यरात्र कां असेना, बायकांस कारखान्यांत बोलावणें जाई. त्या माशाचें डोकें व आंतडीं काढीत, मासा मिठाच्या पाण्यांत घालीत, धुऊन वाळवीत, तेलांत तळीत, आणि निथळल्यावर डब्यांत ओळीनें रचीत. वर तेल ओतल्यावर पुरुष कारागीर झांकणास डाख लावीत व बंद डबा उकळला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभीं कडा दुमडून झांकण बसविणारीं यंत्रें आलीं आणि डाख लावणारांचें काम गेलें. मासे साफ करण्याचें व रचण्याचें काम बायकांच्या हातींच राहिलें.

या बायकांस ‘पेन सार्दीन’, म्हणजे ब्रेतों भाषेंत ‘तारलीचें डोकें’, असें नांव पडलें होतें. १९०५ पर्यंत त्यांची मजुरी हजार माशांमागें ठरे. त्या वर्षींच्या संपानें ती तासांवर आली. नोव्हेंबर १९२४ मध्यें पुन्हां संप झाला. तेव्हां तासास ८० सांतीम मिळत, व मागणी सव्वा फ्रँकाची होती. १ जानेवारी १९२५ रोजीं संपफोड्यांनीं नगराध्यक्ष दानिएल ल फ्लांशेक यांजवर गोळ्या झाडल्या. ते जखमी झाले, पण वांचले. ६ जानेवारीस तासास १ फ्रँक देण्याचा करार झाला. एरवीं कोणाच्या ध्यानींहि न येणारा मजुरीचा दर तंट्यामुळें असा कायमचा नमूद झाला.

संपांत भाग घेतलेली कामकरीण जोझेफीन पँकाले ही मे १९२५ मध्यें नगरसभेवर निवडून आली. फ्रेंच स्त्रियांस मताधिकार १९४४ सालीं मिळाला. तेव्हां तो नसल्यामुळें वरिष्ठ प्रशासकीय न्यायसभेनें त्याच वर्षीं तिची निवड रद्द ठरविली. ज्या निर्णयानें तिला पदावरून दूर केलें, तोच आज तिच्या निवडीचा साक्षीदार आहे.

रंगीत चित्रांचे जुने डबे हौसेनें जमविणारे पुष्कळ आहेत. आमची संग्राहकांस विनंती इतकीच कीं, डब्याबरोबर मजुरीच्या वह्या, संपाचीं पत्रकें व करारांच्या नकलाहि जतन कराव्या. मासा समुद्रांतून फळीवर कसा आला, याचा अर्धा वृत्तांत डब्यावर आहे; उरलेला अर्धा या कागदांत आहे, आणि ते डब्याइतके टिकाऊ नाहींत.